कॅनडा का अमेरिका? युनिव्हर्सिटीचं नाव कसं तोलायचं

ज्या घरात इंजिनिअरिंगच्या नाहीतर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला पोरगं किंवा पोरगी आहे त्या घरात हा विषय निघतोच. काका म्हणतात अमेरिका ती अमेरिका, शेजारचे म्हणतात आता सगळे कॅनडाला जातात, आणि स्टेशन रोडच्या हॉटेलात सेमिनार घेणारा एजंट सांगतो ज्या संस्थेशी त्याचं टायअप आहे ती. मी इथं कोल्हापुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, दिवाळीनंतर पोरं याद्या घेऊन येतात आणि त्या याद्यांवर त्यांच्यासोबत बसणं हे माझं आवडीचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. व्हिसा, पीआर (म्हणजे तिथं कायमचं राहायचा परवाना), पगार हे विषय इथं घेणार नाही, ते तितकेच महत्त्वाचे आहेत पण त्यांची सरमिसळ केली की डोकं चालत नाही. इथं फक्त शैक्षणिक नाव, म्हणजे त्या विषयातला जाणकार माणूस तुमच्या डिग्रीवरचं नाव वाचून काय समजतो, एवढंच.

आधी दोन देशांचा पसारा बघा, कारण "कॅनडाची" आणि "अमेरिकेची" अशी दोन गाठोडी करून वजन केलं तर उत्तर मिळतच नाही. अमेरिकेत डिग्री देणाऱ्या संस्था चार हजारांच्या घरात आहेत. एमआयटी, स्टॅनफर्ड, बर्कली त्यातच, आणि शेजारच्या गावातही ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशाही त्यातच. कॅनडात युनिव्हर्सिटीज कॅनडा या संघटनेचे सभासद साधारण शंभर, आणि नावाजलेल्या सगळ्या सरकारी, प्रांताच्या पैशावर चालणाऱ्या. त्यामुळं कॅनडात वरच्या आणि खालच्या युनिव्हर्सिटीत अंतर कमी आहे. सगळ्यात उंच टोक अमेरिकेचं, पण सगळ्यात खोल तळही अमेरिकेचाच. माझं मत स्पष्ट सांगतो: दोन्हीकडची नावं तुम्हाला अनोळखी असतील आणि चौकशी करायला वेळच नसेल, तर कॅनडातली सरकारी युनिव्हर्सिटी हा कमी धोक्याचा डाव आहे. पण चौकशी करायची तयारी असेल, आणि दोन वर्षं आणि बापाच्या आयुष्याची कमाई लावताय तर ती असायलाच पाहिजे, मग देश बाजूला ठेवा आणि डिपार्टमेंटला डिपार्टमेंट लावून बघा.

पहिली चाळणी: संस्था खरी आहे का, आणि कुठल्या जातकुळीची आहे

हे काम अर्ध्या तासाचं आहे पण पोरं हेच करत नाहीत. अमेरिकेत केंद्र सरकार युनिव्हर्सिटीला मान्यता देत नाही, ती देतात ॲक्रेडिटेशनच्या संस्था, आणि त्या मान्यताप्राप्त संस्थांची आणि त्यांनी मंजूर केलेल्या कॉलेजांची यादी अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळते. तिथं नाव नसेल तर पुढं जायचंच नाही. कॅनडात तर अख्ख्या युनिव्हर्सिटीला देशपातळीवर ॲक्रेडिटेशन असा प्रकारच नाही, शिक्षण हा प्रांताचा विषय आहे, म्हणून बघायचं असं की डिग्री द्यायचा अधिकार त्या प्रांताच्या कायद्यानं दिलाय का आणि युनिव्हर्सिटीज कॅनडाच्या यादीत नाव आहे का.

यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त पण होऊ नका. २०१९ साली मिशिगनमधली युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन ही अमेरिकन सरकारच्याच खात्यानं सापळा म्हणून उभी केलेली खोटी युनिव्हर्सिटी निघाली, तिथं ना शिक्षक होते ना वर्ग, तरी तिचं नाव अधिकृत याद्यांत होतं आणि नाव घातलेले बहुतेक विद्यार्थी आपले भारतीय होते. त्यातनं घ्यायचं ते एवढंच की यादी बघून झाली की शिक्षकांचं पान उघडायचं. माणसं कोण आहेत, काय शिकवतात, मागच्या वर्षी काय छापलंय. ज्या संस्थेत शिकवणाऱ्यांची नावं सापडत नाहीत तिथं पैसे भरायचे नाहीत, मग एजंट काहीही सांगू दे.

जातकुळीचं पण समजून घ्या. कॅनडात कॉलेज म्हणजे बहुतेक वेळा डिप्लोमा आणि सर्टिफिकेट देणारी, हाताला काम शिकवणारी संस्था, युनिव्हर्सिटीहून वेगळी. तिथं जाण्यात काही कमीपणा नाही, पण इथं बीई झालेल्या पोरानं तिथला एक वर्षाचा डिप्लोमा घेतला आणि घरच्यांना वाटतंय पोरगं मास्टर्स करतंय, असं होता कामा नये. अमेरिकेत मात्र डार्टमथ कॉलेज, बोस्टन कॉलेज, हार्वी मड कॉलेज ही पूर्ण डिग्री देणारी, मोठ्या मानाची ठिकाणं आहेत.

नावांचा घोळ तर विचारू नका. सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी वेगळी, सिॲटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन वेगळी, वॉशिंग्टन स्टेट आणखी वेगळी. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे आणि युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात. युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयचा अर्बाना-शँपेनचा कॅम्पस कॉम्प्युटरला जगात नावाजलेला, शिकागोचा कॅम्पस स्वतंत्र, स्प्रिंगफिल्डचा आणखी निराळा. कॅनडात टोरांटोचे तीन कॅम्पस, यूबीसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) व्हँकुव्हर आणि ओकानागन असे दोन. ऑफर लेटर आलं की कॅम्पसचं नाव बोट ठेवून वाचा.

आणि या चाळणीतच दोन संघटनांची नावं लक्षात ठेवा, खूप कामाला येतात. कॅनडात यू-फिफ्टीन हा संशोधनात आघाडीवर असलेल्या पंधरा युनिव्हर्सिट्यांचा गट आहे: टोरांटो, मॅकगिल, यूबीसी, अल्बर्टा, मॅकमास्टर, वॉटर्लू, वेस्टर्न, क्वीन्स, ओटावा, कॅल्गरी, मॉन्ट्रियल, लाव्हाल, मॅनिटोबा, सस्काचेवान आणि डलहौसी. यातल्या मॉन्ट्रियल आणि लाव्हालमध्ये शिकवणं फ्रेंचमध्ये चालतं हेही बघून ठेवा. अमेरिकेत कार्नेगी या युनिव्हर्सिट्यांच्या वर्गीकरणातला आर-वन हा शिक्का बघायचा. २०२५ च्या यादीत असे १८७ आहेत, वर्षाला निदान ५ कोटी डॉलर संशोधनावर खर्च आणि निदान ७० संशोधन-डॉक्टरेट ही त्याची अट. त्याच्या वरची पायरी म्हणजे असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज, १९०० साली निघालेली, जिच्यात बोलावल्याशिवाय जाता येत नाही. तिच्यात कॅनडाच्या फक्त दोन आहेत, टोरांटो आणि मॅकगिल. म्हणजे या दोघींना अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्या आपल्या पंगतीला बसवतात, हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा बोलकं आहे.

रँकिंग वाचायचं कसं

रँकिंग टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, ते काय मोजतंय हे न बघता वाचणं धोक्याचं. क्यूएस या जगभरच्या युनिव्हर्सिट्यांच्या यादीत शंभरातले ३० मार्क ॲकॅडेमिक रेप्युटेशनला आहेत, आधी ४० होते, २०२४ च्या यादीपासून कमी केले, आणि १५ कंपन्यांच्या मताला. म्हणजे जवळपास निम्मं रँकिंग हे लोकांना विचारून ठरतं. जगभरच्या प्राध्यापकांना विचारतात की तुमच्या क्षेत्रात कुठल्या युनिव्हर्सिट्या चांगल्या, स्वतःच्या संस्थेचं नाव घेता येत नाही. टाइम्स हायर एज्युकेशनमध्ये रेप्युटेशनचे मिळून ३३ मार्क, १५ शिकवण्याचे आणि १८ संशोधनाचे. शांघाय रँकिंग, जे २००३ पासून निघतंय, त्यात कुणालाच मत विचारत नाहीत, पण ३० मार्क नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स मेडलवर जातात, मग ज्यांच्याकडं जुने नोबेलवाले आहेत ते वर बसतात, आणि माणशी कामगिरीला फक्त १० मार्क असल्यानं आकारानं मोठ्या युनिव्हर्सिटीला आपोआप फायदा होतो.

आता याचा परिणाम बघा. मॅकगिल २०२५ च्या क्यूएस यादीत २९ वी, त्याच वर्षीच्या टाइम्स यादीत ४५ वी, आणि शांघायमध्ये पहिल्या पन्नासाच्याही बाहेर. युनिव्हर्सिटी तीच, इमारती त्याच, प्राध्यापक तेच. डार्टमथ ही आयव्ही लीग या आठ जुन्या मानाच्या युनिव्हर्सिट्यांच्या गटातली, अमेरिकेत तिचं नाव काढलं की लोक सावरून बसतात, पण क्यूएसमध्ये ती दोनशेच्या पुढं आहे कारण ती लहान आहे आणि तिचा भर बॅचलर्सच्या शिकवण्यावर आहे. वॉटर्लू क्यूएसमध्ये शंभराच्या बाहेर, आणि तरी कॉम्प्युटरवाल्यांना विचारा, कॅनडात पहिल्या दोन-तीन नावांत तिचं नाव घेतील. तिथलं को-ऑप, म्हणजे शिकता शिकता कंपनीत टर्म काढायची पद्धत, हीच तिची ओळख, आणि ती ओळख रँकिंगच्या कुठल्या रकान्यात बसत नाही.

आकडे युनिव्हर्सिट्या स्वतःच भरून पाठवतात हेही विसरू नका. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीच्याच गणिताच्या एका प्राध्यापकानं, मायकेल थॅडियस यांनी, आपल्या युनिव्हर्सिटीनं यूएस न्यूज या अमेरिकेतली यादी काढणाऱ्या प्रकाशनाला दिलेली माहिती तपासून दाखवली आणि त्यातले वर्गांच्या आकाराचे वगैरे आकडे जुळत नाहीत हे जाहीर मांडलं. नंतरच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या नंबरवरनं १८ वर आली. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटतं. पण तुम्ही विचार करा, त्या एका वर्षात कोलंबियाचं शिकवणं सोळा पायऱ्या घसरलं होतं काय?

म्हणून मी पोरांना सांगतो की नंबर नको, पट्टा बघा. ३० आणि ४५ मध्ये भांडू नका, ३० आणि ३०० मध्ये फरक आहे तो मात्र खरा आहे. आणि कॅनडा-अमेरिका तुलना करताना दोन्ही देश ज्यात आहेत अशीच यादी घ्या. कॅनडाचं मॅक्लीन्स मासिक फक्त कॅनडातल्या युनिव्हर्सिट्यांना लावतं आणि तेही तीन वेगळ्या गटांत, यूएस न्यूजची नेहमीची यादी फक्त अमेरिकेची. मॅक्लीन्समधली चौथी आणि यूएस न्यूजमधली चाळिसावी अशी तुलना मी पोरांच्या वहीत बघितली आहे, ती कशाचीच तुलना नव्हे.

एका ठिकाणी मात्र नंबरला धरूनच चालावं लागतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं महाराष्ट्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी, तिला क्यूएस रँकिंगची अट असते. मर्यादा किती ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघायचं आणि अर्ज करायच्या आधीच यादी त्या हिशोबानं लावायची. ऑफर हातात आली आणि युनिव्हर्सिटी अटीच्या बाहेर निघाली असं झालं तर एक वर्ष जातं, आणि ज्या पोरांना ही शिष्यवृत्ती हा एकच रस्ता आहे त्यांचं वर्ष जाताना बघवत नाही.

आता विषयावर या

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवायचा. कोल्हापुरात पोराला कुस्तीला घालताना नुसतं तालमीच्या नावावर कुणी जात नाही, वस्ताद कोण, जोडीला पोरं कशी, तिथनं तयार झालेला मल्ल कुठल्या मैदानात उतरला, हे विचारून मग लंगोट बांधतात. युनिव्हर्सिटीचंही तसंच करायचं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, तिथं तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांच्यासारखे शिक्षक त्यांना मिळाले, आणि पुढं आयुष्यभर ड्यूईंचं ऋण ते सांगत राहिले.

एआयचंच घ्या, कारण सध्या दहातली सात पोरं तेच म्हणतात. इथं अमेरिका मोठी आणि कॅनडा लहान असं म्हणताच येत नाही. जेफ्री हिंटन टोरांटोचे, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, २०१२ साली ज्या न्यूरल नेटवर्कनं सगळं क्षेत्र फिरवलं ते त्यांच्या टोरांटोच्याच ग्रुपमधलं. याच क्षेत्रातलं दुसरं मोठं नाव योशुआ बेंजिओ, ते मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीचे. रिचर्ड सटन अल्बर्टाचे, रीइन्फोर्समेंट लर्निंगसाठी (चुकतमाकत, बक्षिसाच्या हिशोबानं मशिनला शिकवायची पद्धत) २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे कॉम्प्युटरमधलं नोबेलच, त्यांना मिळाला, आणि सोबत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स ॲमहर्स्टचे अँड्र्यू बार्टो. आता अल्बर्टा आणि ॲमहर्स्ट ही नावं आपल्या राजारामपुरीत किती जणांनी ऐकली असतील? एडमंटनच्या थंडीत कशाला जातोस म्हणून पोराला मागं ओढणारे मी बघितलेत, आणि त्या पोराचा विषय नेमका रीइन्फोर्समेंट लर्निंग.

आपल्या मातीतल्या विषयांवर तर हे आणखी ठळक दिसतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्या आहेत, त्या घरातली पोरं मेटलर्जीला जातात. अशाच एका घरातली मुलगी यादी घेऊन आली होती, त्यात वरची दहाही नावं क्यूएसच्या क्रमानं लिहिलेली. आम्ही ती यादी बाजूला ठेवली आणि कोरा तक्ता केला. पहिला रकाना प्रोफेसर, दुसरा मागच्या तीन वर्षांतले पेपर, तिसरा लॅबमध्ये वितळवायची-ओतायची सोय आहे का नुसतं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, चौथा त्यांचे विद्यार्थी आता कुठं आहेत. दोन तासांत यादी उलटीपालटी झाली. मिझुरी सायन्स अँड टेक्नॉलॉजी, रोला नावाच्या लहान गावातली, तिथं स्टील उत्पादनावर स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. मिशिगन टेक १८८५ साली खाणकामाची शाळा म्हणून निघालेली, कॅम्पसवर फाउंड्री आहे. नॉर्दर्न आयोवा युनिव्हर्सिटी जागतिक यादीच्या वरच्या पानांवर दिसणार नाही, पण तिचं मेटल कास्टिंग सेंटर आहे. कॅनडात मॅकमास्टर, हॅमिल्टन या पोलादाच्या गावात, स्टील रिसर्च सेंटरसकट. हॅमिल्टनमध्ये पोलाद कारखाने दारात आहेत, तिथं प्रोफेसर आणि कारखाना यांचं जाणं-येणं असतं. मुलीनं शेवटी तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यावरनं निर्णय घेतला, आणि वडलांना तक्ता वाचून दाखवला तेव्हा ते पण गप्प ऐकत होते, कारण भट्टी म्हटल्यावर त्यांना सगळं समजत होतं.

साखरेचं असंच. कारखान्याच्या पट्ट्यातलं पोरगं शुगर टेक्नॉलॉजीत पुढं जायचं म्हणत असेल तर लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची ऑडुबॉन शुगर इन्स्टिट्यूट बघायची, उसाच्या साखरेवर काम करणारी जगात मोजकी ठिकाणं आहेत त्यातलं ते एक. एकूण रँकिंगमध्ये ही युनिव्हर्सिटी फार वर नाही. आणि कॅनडात ऊस पिकतच नाही, अल्बर्टात बीट पिकतं, तेव्हा या विषयात कॅनडा-अमेरिका असा प्रश्नच उरत नाही. दुधाचं घ्या, ज्या भागात गोकुळ दूध संघ आहे तिथं फॅट हा शब्द बारक्या पोराला पण माहीत. दुधातलं फॅट मोजायची पहिली सोपी, खात्रीची पद्धत १८९० साली विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत स्टीफन बॅबकॉक यांनी काढली, आणि आजही विस्कॉन्सिन-मॅडिसनमध्ये डेअरीवर मोठं केंद्र आहे. कॅनडात त्या तोडीचं नाव ग्वेल्फ, यू-फिफ्टीनमध्ये नाही, पण शेती, पशुवैद्यक आणि फूड सायन्समध्ये तिथला माणूस म्हटलं की विषयातले लोक मान देतात. तिथलं पशुवैद्यक कॉलेज १८६२ सालचं आहे.

तर हा तक्ता तुम्ही तुमच्या विषयाचा करा. गूगल स्कॉलर फुकट आहे, प्रोफेसरचं नाव टाकलं की पेपर आणि त्यांना मिळालेले उल्लेख दिसतात, फक्त वर्ष बघा, वीस वर्षांपूर्वीच्या एका पेपरवर अजून चालणारी नावं पण असतात. पैसा कुठनं येतो तेही उघड आहे, अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर नावानं शोधता येतं की कुणाला कुठल्या कामाला किती ग्रँट मिळाली, कॅनडात एनएसईआरसी या तशाच सरकारी संस्थेची तशीच यादी आहे. कॅनडा रिसर्च चेअर हे पद सरकारी निधीवर, बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून दिलं जातं, ज्या डिपार्टमेंटमध्ये तुमच्या विषयाच्या अशा दोन-तीन चेअर आहेत तिथं काम जोरात आहे असं समजायला हरकत नाही. कॉम्प्युटरवाल्यांना सीएसरँकिंग्ज ही साइट बरी, ती मत विचारत नाही, मोठ्या कॉन्फरन्सला कुणाचे किती पेपर लागले ते उपविषयानुसार मोजते.

आणखी एक खूण, माझ्या मते सगळ्यात खरी. डिपार्टमेंटच्या पानावर जाऊन प्रत्येक शिक्षकानं पीएचडी कुठं केली ते लिहून काढा. प्राध्यापक नेमताना प्राध्यापकच निवड करतात, तेव्हा कुणाच्या विद्यार्थ्यांना ते घेतात यातच खरं रेप्युटेशन कळतं. २०२२ साली नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात निघालं की अमेरिकेत पीएचडी करून तिथंच प्राध्यापक झालेल्यांपैकी ८० टक्के लोक फक्त २० टक्के युनिव्हर्सिट्यांतनं आलेत, आणि बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन, स्टॅनफर्ड या पाचांनीच दर आठातला एक घडवलाय. यातल्या तीन सरकारी आहेत हे बघा. आणि टोरांटो, यूबीसीच्या डिपार्टमेंटची पानं उघडली तर तिथंही अमेरिकेत पीएचडी केलेली नावं भरपूर दिसतील. म्हणून ज्याला पुढं प्राध्यापकीच करायची आहे त्याला मी सांगतो, मास्टर्स कॅनडात कर हवं तर, पण पीएचडीला अमेरिकेतल्या वरच्या डिपार्टमेंटना अर्ज केल्याशिवाय राहू नकोस.

डिग्री कुठली घेताय यावरही अवलंबून

कॅनडात मास्टर्सचे दोन प्रकार असतात, थिसिसवालं आणि नुसत्या कोर्सचं एमइंजी. थिसिसवाल्याला बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात पण प्रोफेसरनं तुम्हाला घ्यायला तयार व्हावं लागतं, कोर्सवाल्याला स्वतःच्या खिशातनं भरावं लागतं. युनिव्हर्सिटीचं नाव दोघांच्या डिग्रीवर तेच. पण पुढं संशोधनाला जायचं असेल तर लॅबचं रेप्युटेशन तुम्हाला थिसिसमधनंच मिळतं, एमइंजी करून "मी त्या मोठ्या ग्रुपच्या युनिव्हर्सिटीत होतो" याला जाणकार माणूस मोजत नाही. अमेरिकेतलं एमएस पण बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या पैशानंच होतं, आणि पीएचडीला मात्र बॅचलर्सनंतर थेट जाता येतं, तेही फंडिंगवर. हे आपल्याकडच्या पोरांना माहीतच नसतं, विचारून बघा.

बारावीनंतरच पाठवत असाल तर वरचं संशोधनाचं बरंचसं बाजूला ठेवा, अठराव्या वर्षी नोबेलवाला शिकवायला येत नाही. तिथं वर्गात किती पोरं, पहिल्या वर्षाला शिकवतं कोण, किती जण डिग्री पूर्ण करतात हे बघा. अमेरिकन कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाचं माहितीपत्रक बहुतेक वेळा साइटवर ठेवतात, ऑन्टारियोच्या युनिव्हर्सिट्यांची तशीच एकत्र माहिती निघते. इंजिनिअरिंग असेल तर अमेरिकेत एबेट आणि कॅनडात सीईएबी या इंजिनिअरिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता त्या कोर्सला आहे का, हे तपासा. दोन्ही देश १९८९ च्या वॉशिंग्टन ॲकॉर्डमध्ये, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या करारात, सुरुवातीपासून आहेत, भारत २०१४ मध्ये आला. आणि प्रवेश अवघड म्हणून कॉलेज भारी, हा अमेरिकन हिशोब कॅनडाला लावू नका. कॅनडातल्या चांगल्या युनिव्हर्सिट्या पुष्कळांना आत घेतात आणि मग पहिल्या-दुसऱ्या वर्षात मार्कांना घाम फोडतात.

माणसांना विचारा, पण नीट विचारा

तक्त्यात तीन-चार नावं उरली की तिथल्या विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर लिहा. "सर युनिव्हर्सिटी कशी आहे" असं विचारलं तर "छान आहे" असंच उत्तर येतं. असं लिहा: "नमस्कार दादा, मी कोल्हापूरचा, शिवाजी युनिव्हर्सिटीतनं मेकॅनिकल केलंय. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये थिसिस मास्टर्सला अर्ज करतोय. तुमच्या ग्रुपमधनं मागच्या दोन वर्षांत बाहेर पडलेले कुठं लागले? प्रोफेसर आठवड्याला भेटतात का? फी वजा जाऊन हातात किती राहतात?" तीनच प्रश्न, आणि उत्तर देता येईल असे. मराठी नाव दिसलं म्हणून फक्त त्यांनाच विचारू नका, पण सुरुवात तिथनं करायला काही हरकत नाही, आपली माणसं मोकळं बोलतात. ताईंनाही विचारा, मुली एकट्या राहण्याबद्दल आणि लॅबमधल्या वागणुकीबद्दल जे सांगतील ते दुसरं कुणी सांगत नाही.

एजंटकडं जाणार असाल तर पहिला प्रश्न हा विचारा की या युनिव्हर्सिटीकडनं तुम्हाला कमिशन मिळतं का. मिळत असेल तर ते लपवायचं कारण नाही, पण मग त्याची यादी ही दुकानातल्या मालाची यादी आहे, तुमच्या विषयाची नव्हे, हे समजून ती वाचा. फॉर्म भरायला, कागद लावायला त्याची मदत जरूर घ्या, नाव ठरवायला नको.

सध्या आणखी एक गोष्ट विचारावी लागते. २०२५ मध्ये अमेरिकेत केंद्र सरकारनं बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या संशोधनाचे पैसे अडवले, हार्वर्डचे दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त गोठवले, ते प्रकरण कोर्टात गेलं. हार्वर्डचं नाव त्यानं एका वर्षात उतरत नाही, पण ज्या लॅबमध्ये तुम्ही जाणार त्या लॅबची ग्रँट थांबली असेल तर तुम्हाला त्या नावाचा उपयोग काय. म्हणून प्रोफेसरलाच मेलमध्ये सरळ विचारा की मला ज्या कामावर घेताय त्याचा निधी किती वर्षांचा मंजूर आहे. चांगला प्रोफेसर याचं स्पष्ट उत्तर देतो, आणि जो टाळतो त्याच्याबद्दल त्याच्या विद्यार्थ्यांना पुन्हा विचारा. कॅनडातही हाच प्रश्न विचारायचा, फक्त तिथं पैसा मुख्यतः एनएसईआरसी आणि आरोग्याच्या विषयात सीआयएचआरकडनं येतो.

दोन्हीकडनं ऑफर आल्या की घाई करायची नाही. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या ग्रॅज्युएट स्कूलनी फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा मान्य केलीय, त्याआधी दबाव आणला तर नम्रपणे तारीख दाखवा. कॅनडाची मुदत ऑफर लेटरमध्येच असते, ती बऱ्याचदा आधीची असते, आणि ती आठ-दहा दिवस वाढवून द्याल का असं मेल करून विचारलं तर बऱ्याच वेळा देतात. तेवढ्या दिवसांत तक्त्यातल्या दोन्ही प्रोफेसरांशी व्हिडिओ कॉल मागा, त्यांचा शेवटचा एक पेपर वाचून बसा, आणि त्या पेपरवर एक प्रश्न विचारा.